शंका असेल तर ‘नाही’ म्हणा

“प्रिंटर बिघडलेला नाही, बाबा. संगणकाला तो ओळखताच येत नाहीये,” असं मुलगी फोनवर म्हणाली, आणि सेक्रेटरीबाईंच्या यजमानांना आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या प्रिंटरबद्दल आपुलकी वाटली. ओळख न मिळण्याचं दुःख त्यांना नवं नव्हतं. या इमारतीत पहिल्या मजल्यावर राहून त्यांचे केस पिकले, पण जिन्यात कोणीही भेटलं तरी ओळख एकच: सेक्रेटरीबाईंचे यजमान. बाई जाऊन वर्ष होत आलं होतं. सेक्रेटरीचं पद रिकामं झालं, यजमानांची नेमणूक मात्र कायम राहिली.

प्रिंटर बाईंचा होता. म्हणजे होता इमारतीचा, पण तसं कोणी म्हणत नसे. जिन्याखाली तिरक्या छताची एक खोली होती; बाई तिला ऑफिस म्हणत, बाकीचे तिला बाईंची गुहा म्हणत. तिथे एक जुना संगणक आणि त्याहून जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर होता. त्याची केबल बोटभर जाड, दोन्ही टोकांना स्क्रूंनी आवळलेली. दुपारी जेवणं उरकून इमारत जरा आडवी झाली की तो सुरू व्हायचा. पत्र्याच्या डब्यात सुतारपक्षी कोंडावा तसा त्याचा आवाज जिन्याच्या पोकळीतून थेट गच्चीपर्यंत जायचा. नोटीस कोणाच्या नावाची आहे हे फळ्यावर लागेपर्यंत कळत नसे, म्हणून तोवर जो तो आपापल्या परीने सुधारून घ्यायचा. दुसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर गुपचूप खाली येऊन जिन्यातली सायकल उचलून न्यायचे. तिसऱ्या मजल्यावरच्या गाणंवाल्या बाई तान अर्ध्यावर सोडून खोकल्याचं निमित्त करायच्या. दारादारापुढच्या चपला आपोआप जोडीने लागायच्या. चोराच्या मनात चांदणं, एवढ्या एका तत्त्वावर बाईंनी इमारत चालवली. त्यांच्या नोटिसा वाचत कोणी नसे. ऐकत सगळे.

बाई दवाखान्यात असताना अध्यक्षांनी आधुनिकीकरण मनावर घेतलं. अध्यक्षांचं पडद्यांचं दुकान होतं, आणि नवं कापड दिसलं की जुनं उतरवायचं हा त्यांचा धंद्याचा धर्म होता. त्यांनी संगणकवाल्याला बोलावून ऑपरेटिंग सिस्टिम बदलून घेतली. जुन्या यंत्राला झेपेल अशी हलकी आवृत्ती, नको ते सगळं काढून टाकलेली, असं संगणकवाला कौतुकाने सांगत होता. नको त्या गोष्टींत प्रिंटरही होता, हे नंतर कळलं. यजमान तक्रार घेऊन गेले तेव्हा त्याने नवीन प्रिंटर दाखवला. हा म्हणे अजिबात आवाज करत नाही.

“अजिबात?”

“चालू आहे हे कळतसुद्धा नाही, काका.”

“मग त्याचा उपयोग काय?” असं म्हणून यजमान परत आले.

त्यानंतर इमारतीत जे व्हायचं ते झालं. सायकल जिन्यात मुक्कामाला आली. अध्यक्षांच्या दुकानातले पडद्यांचे गठ्ठे एकेक करत गुहेच्या दाराशी सरकू लागले. गाणंवाल्या बाईंनी मात्र उलटंच केलं. दुपारच्या गाण्यावरून त्यांचं आणि सेक्रेटरीबाईंचं वर्षानुवर्षं हाडवैर होतं. आता मोकळं रान मिळालं, तर त्यांनी दुपारचं गाणंच सोडून दिलं. हरकत घ्यायला कोणी नसेल तर गाण्यात काही राम नाही, असं त्या म्हणत.

आणि मग वार्षिक सभेची विषयपत्रिका आली. पहिलाच विषय: जिन्याखालील खोली रिकामी करणे. आधार म्हणून एका नियमाचा हवाला दिला होता. ‘सामायिक जागेत बंद पडलेली कोणतीही वस्तू ठेवू नये. अन्यथा ती बेवारस समजून भंगारात काढण्यात येईल.’ नियम बाईंचाच. डॉक्टरांच्या आधीच्या सायकलीसाठी त्यांनी तो खास घडवला होता, आणि ती सायकल खरोखरच भंगारात गेली होती. प्रिंटर चालू आहे असं सभेत दाखवलं तर खोली राहणार. नाहीतर प्रिंटर, संगणक, बाईंची उशी ठेवलेली खुर्ची, सगळं बेवारस.

म्हणून त्यांनी मुलीला फोन केला होता. मुलगी दूरच्या शहरात भाषांतरं करून पोट भरायची, आणि स्वतःच्या संगणकाची शस्त्रक्रिया स्वतः करायची तिला खोड होती. तिने समजावून सांगितलं की संगणकाचा जो गाभा असतो त्याला कर्नेल म्हणतात. संगणकाला जोडलेल्या प्रत्येक वस्तूशी बोलायला गाभ्याला एकेक ड्रायव्हर लागतो, म्हणजे दुभाषा. हलक्या आवृत्तीत प्रिंटरच्या दुभाष्याला नारळ दिलेला आहे. पण गाभा नव्याने बांधून घेता येतो. सगळं सामान फुकट मिळतं. फक्त बांधण्याआधी काय हवं, काय नको, अशा काही प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात. हवं तर ती रजा काढून येईल, असंही म्हणाली.

यजमानांना हसू आलं. आयुष्यभर ते परवानग्या देण्याच्या कार्यालयात अधिकारी होते. प्रश्नांना उत्तरं देणं आणि लोकांच्या उत्तरांतून पुढचे प्रश्न काढणं, यावर त्यांना पेन्शन मिळत होती. रजा वाया घालवू नकोस, असं त्यांनी मुलीला सांगितलं.

ते प्रश्न पाहून मात्र ते जरा वेळ खुर्चीत मागे टेकले. हजारो होते. अमक्या बनावटीच्या तमक्या जोडणीचा ड्रायव्हर हवा आहे का? प्रत्येक प्रश्नाला तीन उत्तरं चालत. ‘वाय’ म्हणजे हो: त्याला गाभ्यातच कायमची जागा द्यायची. ‘एन’ म्हणजे नाही. आणि ‘एम’ म्हणजे बाहेर बसवून ठेवायचं, काम निघालं की आत बोलवायचं. हा तिसरा प्रकार त्यांनी वाचताक्षणी नापसंत केला. कंत्राटी माणसं ठेवल्यावर कार्यालयाचं काय होतं ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

पण प्रश्नाखालची माहिती वाचता वाचता त्यांची मान आदराने झुकली. माहितीच्या शेवटी बहुतेक वेळा एक ओळ असायची: शंका असेल तर ‘नाही’ म्हणा. त्यांनी चष्मा पुसून ती पुन्हा वाचली. इतकी वर्षं ज्या तत्त्वावर त्यांनी खुर्ची सांभाळली, ज्यासाठी अर्जदारांचे शिव्याशाप खाल्ले आणि घरात बायकोची बोलणी खाल्ली, ते तत्त्व जगातल्या हुशार मंडळींनी असं काळ्या पडद्यावर पांढरं करून ठेवलं होतं. बाई हव्या होत्या हे वाचायला, असं त्यांना वाटलं. मग ते कामाला लागले.

त्यांना शंका फार होत्या. त्यामुळे काम भराभर उरकलं.

पहिला गाभा सुरू होताच थांबला. डिस्क वाचण्याच्या पद्धतींची एक लांबलचक यादी आली होती, आणि एवढ्या पद्धती म्हणजे उधळपट्टी, असं म्हणून यजमानांनी त्यातली एकच मंजूर केली होती. ती या डिस्कची नव्हती. गाभा जागा झाला, त्याला स्वतःचं घर सापडेना, आणि आपण घाबरलो आहोत असं पडद्यावर लिहून तो जागीच गोठला. यंत्राने इतक्या प्रांजळपणे भीती कबूल करावी, याचं यजमानांना विशेष वाटलं. कार्यालयात हे कोणी केलं नसतं.

जुना गाभा शेजारीच शाबूत होता. संगणक सुरू करताना कोणता हवा ते निवडता येत असे, म्हणून ते हात हलवत जुन्यावर परत आले, आणि त्याला मधल्या काळात काही उपरती झाली आहे का, हे पाहायला त्यांनी प्रिंटरकडे एक चाचणी धाडली. चाचणीचाही बाईंचा दंडक होता. उगीच ‘अ आ इ ई’ छापून कागद नासायचा नाही. चाचणी घ्यायची तर खऱ्या नोटिशीची घ्यायची. यजमानांनी सायकलीविषयी चार ओळी लिहून पाठवल्या. प्रिंटर ढिम्म हलला नाही. संगणकाने मात्र नम्रपणे कळवलं: काम स्वीकारले, रांगेत आहे. यजमान कसनुसे हसले. त्यांच्या कार्यालयात ‘स्वीकारले’ असा शिक्का ज्या अर्जावर बसला, तो अर्ज पुन्हा कोणी पाहिला नव्हता. नोटीस गेली ती गेली असं समजून त्यांनी तिच्यावर पाणी सोडलं.

एव्हाना इमारतीत बातमी पसरली होती, आणि सल्ल्यांना तोटा नव्हता. डॉक्टर म्हणाले, दुखतंय ते मुळापासून उपटून टाकावं, नवीन बसवावं. आजकाल कळतसुद्धा नाही खोटं आहे ते. हे बोलताना ते सायकलीच्या सीटला टेकून उभे होते. गाणंवाल्या बाईंनी दारातूनच डोकावून सांगितलं की आवाज बसला की गप्प बसणं हाच इलाज. अध्यक्ष सल्ला देत नसत, ते हरकत घेत. ‘आत कर्नेल बांधण्याचे काम चालू आहे, दार वाजवू नये’ असा कागद यजमानांनी दाराला लावला होता. सामायिक जागेत कोणतंही बांधकाम करण्याआधी समितीची लेखी परवानगी लागते, याकडे अध्यक्षांनी त्यांचं लक्ष वेधलं. यात विटा नाहीत, वाळू नाही, असं यजमानांनी सांगून पाहिलं. पण कलमात विटांचा उल्लेख नव्हता. हरकत इतकी निर्दोष होती की यजमानांना राग येण्याऐवजी भरून आलं. त्यांनी हाताने अर्ज लिहिला, तीन प्रतींत. परवानगी मिळेपर्यंत काम बंद राहिलं. खिडकीच्या अलीकडे बसून आयुष्य काढलेल्या माणसाला पलीकडे उभं राहणं कसं असतं ते तेव्हा कळलं, आणि ते काही त्यांना आवडलं नाही.

दुसरा गाभा व्यवस्थित उठला, पण कीबोर्ड मेला. शोध घेता कळलं की एका प्रश्नात ‘माणसाने हाताळायच्या साधनां’विषयी विचारलं होतं. हवी आहेत का? यजमानांनी खोलीभर नजर फिरवली होती. इथे आता येतंय कोण माणूस? नाही म्हणून मोकळे झाले होते. त्या साधनांत कीबोर्ड आणि माऊस येतात, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. आता यंत्र पडद्यावर नाव विचारत होतं आणि यजमान समोर बसूनही सांगू शकत नव्हते. जुन्या गाभ्यावर परतून लिहिलेली त्या दिवशीची चाचणी नोटीस पडद्यांच्या गठ्ठ्यांवर होती, जरा कडक भाषेत. काम स्वीकारले, रांगेत आहे.

तिसऱ्या खेपेला फर्मवेअर आडवं आलं. प्रकार असा की काही वस्तूंना नुसता दुभाषा पुरत नाही. त्यांचा स्वभावही बाहेरून भरावा लागतो. कारखानदार तो एका मोहोरबंद पुडीत पाठवतो. ती पुडी गाभ्याने निमूट उचलून वस्तूच्या तोंडात टाकायची. आत काय आहे, विचारायचं नाही. पडदा उजळवणाऱ्या कार्डाला अशी पुडी लागत होती. यजमानांनी कागद मागवले, म्हणजे इंटरनेटवर धुंडाळले. पुडीतल्या मजकुराची माहिती कुठेच नव्हती. मजकूर जाहीर न करता परवानगी? हे त्यांच्या सहीने होणं शक्य नव्हतं. त्यांनी बाणेदारपणे नाही म्हटलं. गाभा उठला आणि पडदा काळाठिक्कर झाला. आतून पंख्याचा आवाज येत होता. म्हणजे आत सगळं चाललं होतं, फक्त दिसत नव्हतं. डॉक्टर नेमके तेव्हाच सायकल ठेवायला आले.

“भुलीच्या इंजेक्शनात काय असतं, विचारलं होतंत का कधी मला?” डॉक्टर म्हणाले.

“नाही.”

“तोंड उघडलंत ना पण?”

यजमानांनी तोंड मिटून घेतलं. शत्रूचा मुद्दा बिनतोड असावा, यासारखा मनस्ताप नाही. त्यांनी पुडी मंजूर केली, ‘विशेष बाब म्हणून’ असं मनाशी म्हणत. आणि त्या संध्याकाळची नोटीस सल्ले देणाऱ्यांना उद्देशून लिहिली. काम स्वीकारले, रांगेत आहे.

चौथा गाभा उठला, दिसला, बोलला, ऐकला. फक्त छापेना. ज्या प्रिंटरसाठी हा अट्टाहास, त्याचा प्रश्नच त्या हजारो प्रश्नांत कुठे नव्हता. त्यांनी वरून खाली पाहिलं, खालून वर पाहिलं. हत्ती, उंट, घोडे सगळे होते. नेमकं ज्यावर बसायचं ते गाढव हरवलं होतं. आणि सभा तोंडावर आली होती.

माणूस आयुष्यभर नाही म्हणत राहिला आणि एके दिवशी त्याचा संयम सुटला की काय होतं, हे त्यानंतर दिसलं. यजमानांनी सरसकट हो म्हणायला सुरुवात केली. कशातून तरी प्रिंटर निघेल. शर्यतीच्या खेळातल्या खोट्या स्टिअरिंगला हो, हौशी रेडिओवाल्यांच्या यंत्रांना हो, त्यांच्या इमारतीत मावणार नाहीत एवढ्या डिस्कांच्या कपाटांना हो. सकाळी शिजत टाकलेला गाभा दुसऱ्या दिवशीही कच्चाच होता. पंखा इतका घोंघावत होता की वीज सामायिक मीटरवर आहे, अशी आठवण करून द्यायला अध्यक्ष येऊन गेले. शेवटी गाभा तयार झाला, आणि ठेवायला गेले तर ठरलेल्या कप्प्यात तो मावेना. जागा शिल्लक नाही, संगणक म्हणाला. यजमान उठले आणि तिरक्या छताला डोकं आपटून पुन्हा बसले.

दुपार होती. बाहेर गठ्ठे होते, सायकल होती, आणि सगळी इमारत आडवी झाली होती. त्यांनी जुना गाभा सुरू केला. सवयीने एक नोटीस लिहायला घेतली. ती लिहायला त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला, आणि मध्येच सोडून त्यांनी ती तशीच पाठवून दिली. काम स्वीकारले, रांगेत आहे.

मग मुलीचा फोन आला. किती झालं, काय झालं, हे तिने विचारलं आणि त्यांनी हजेरीपटासारखं सांगितलं. ती ऐकून घेत होती. मध्येच म्हणाली, “सगळ्याला हो नाहीतर नाही का, बाबा? ‘एम’ म्हणा ना. बाहेर बसू दे, लागेल तेव्हा बोलवा.”

“तात्पुरत्या नेमणुकांवर माझा विश्वास नाही.”

“आईची नेमणूक तात्पुरतीच होती. दुसरं कोणी मिळेपर्यंत.”

मग यजमान म्हणाले की बिल वाढतंय.

फोन ठेवल्यावर मात्र ते ताठ बसले. दुसरं कोणी मिळेपर्यंत. म्हणजे एकाची नेमणूक दुसऱ्यावर अवलंबून. आणि एकदम त्यांच्या डोक्यात उजेड पडला. प्रिंटरचा प्रश्न हरवला नव्हता. त्याची वेळच आली नव्हती. बोटभर जाड केबल ज्या पोर्टात बसते, त्या पोर्टाला त्यांनी पहिल्याच दिवशी, काही न कळल्यामुळे, नाही म्हटलं होतं. सरसकट हो म्हणतानाही ते यादीच्या मधूनच पुढे धावले होते, सुरुवातीच्या नकारांकडे मागे वळून पाहिलं नव्हतं. आधी पोर्टाला मान्यता हवी, मग या प्रकारच्या यंत्रातल्या पोर्टाला, आणि मगच प्रिंटरचा अर्ज विचारात घेतला जातो. तोवर तो समोरही येत नाही. नकाशा मंजूर झाल्याशिवाय नळाचा अर्ज मिळत नाही, हे ते स्वतःच खिडकीतून हजारदा ओरडून सांगत आले होते. हे यंत्र नव्हतं, हे कार्यालय होतं. त्यांच्याच घराण्यातलं.

त्यांनी पोर्टाला परवानगी दिली. यादीत, जिथे मघापर्यंत काहीच नव्हतं, तिथे प्रिंटरची ओळ अवतरली. तिथे बोट ठेवून यजमान जरा थांबले, आणि आयुष्यातली पहिली तात्पुरती नेमणूक त्यांनी केली. एम.

सभा गुहेच्या दारातच भरली. जिन्याच्या पायऱ्यांवर सगळे मजल्यानुसार बसले होते. अध्यक्षांसाठी एक गठ्ठा आडवा केला होता. नियम वाचून झाला. यजमानांनी नवा गाभा सुरू केला, सभेच्या स्वागताचा साधा दोन ओळींचा मजकूर लिहिला, आणि कळ दाबली.

काही झालं नाही.

प्रिंटरवरचा दिवा हिरवा होता. पायऱ्यांवर कोणी तरी खोकलं. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं, खरंखुरं वाईट वाटल्याचा चेहरा केला आणि लेखनिकाला म्हणाले, “नोंद करा. वस्तू बंद अवस्थेत—”

“थांबा,” यजमान म्हणाले. बाहेर बसवलेल्या माणसाला आत बोलवावं लागतं. कोणी बोलावलंच नाही तर तो बिचारा येणार कसा? त्यांनी दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत, प्रिंटरच्या दुभाष्याला नावानिशी हाक मारली.

प्रिंटरची सुई डाव्या कोपऱ्यात जाऊन आपटली, घसा खाकरावा तशी एकदा घरघरली, आणि सुतारपक्षी सुटला.

जिन्यात जे झालं ते कोणी ठरवून केलं नाही. डॉक्टर उठले आणि सायकलीकडे चालू लागले. निम्म्या वाटेवर आपण का चाललोय हे त्यांच्या लक्षात आलं, पण परत फिरणं बरं दिसलं नसतं. पायऱ्यांवरच्या मंडळींनी पायांनी चाचपून चपला सरळ केल्या. गाणंवाल्या बाई काही गात नव्हत्या, तरी गप्प झाल्या.

प्रिंटर मात्र थांबेना. दोन ओळींचा मजकूर केव्हाच संपायला हवा होता. कागद येतच राहिला. स्वीकारलेले अर्ज पुढे खरोखर विचारात घेतले जाणारं, जगातलं एकमेव कार्यालय त्यांच्यासमोर चालू होतं. रांग ती रांग. आधी आलेल्याचं काम आधी. ते कागद ओढायला पुढे झाले, पण अध्यक्ष जवळ होते, आणि सभेतला कागद सभेपुढे वाचला गेला पाहिजे याबाबत ते ठाम होते.

“सर्व रहिवाशांना कळविण्यात येते की,” अध्यक्षांनी पहिला कागद फाडून वाचला, “दुसऱ्या मजल्यावरील डॉक्टर रुग्णांना तोंड उघडे ठेवण्यास सांगतात. जिन्याचे तोंडही उघडे राहील याची त्यांनी दक्षता घ्यावी.”

पायऱ्या हसल्या. डॉक्टर सायकल खांद्यावर घेऊन उभे होते.

दुसरा कागद अध्यक्षांनी आवाज तसूभरही न हलवता वाचला, कारण पद मोठं असतं. त्यात म्हटलं होतं की पडदे खिडक्यांना लावावयाचे असतात, दारांना नव्हे. आणि अध्यक्षांनी आपला माल व आपले अधिकार यांत अंतर ठेवावे. तिसऱ्यात सेक्रेटरीबाईंच्या यजमानांना सल्ला देऊ इच्छिणाऱ्यांनी तो लेखी, तीन प्रतींत, कार्बनसह द्यावा, अशी विनंती होती. आता लोक पोट धरून हसत होते. यजमान भिंतीकडे तोंड करून केबलचे स्क्रू आवळत होते. ते आधीच आवळलेले होते.

“सर्व रहिवाशांना कळविण्यात येते की,” अध्यक्षांनी चौथा कागद घेतला, “रोज दुपारी जेवणानंतर इमारतीत, विशेषतः पहिल्या मजल्यावर, मोठ्या प्रमाणात शांतता आढळून येते. सदर शांतता कोणाची आहे याचा तपास लागलेला नाही. ज्यांची असेल त्यांनी ती त्वरित उचलून न्यावी. अन्यथा”

पुढे काही नव्हतं. अध्यक्षांनी कागद उलटून पाहिला. बाईंच्या प्रत्येक नोटिशीत खरी नोटीस ‘अन्यथा’नंतर सुरू व्हायची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पायऱ्यांवर कोणी हसलं नाही. प्रिंटरने शेवटी सभेचं स्वागत केलं आणि तो थांबला.

अध्यक्षांनी चारही कागदांची घडी घातली, आणि बसल्या गठ्ठ्याकडे एकदा पाहून ते उभे राहिले. “नोंद करा,” ते म्हणाले. “वस्तू चालू आहे. विषय संपला.”

संध्याकाळपर्यंत गठ्ठे गेले. सायकल वर गेली ती वरच राहिली. दुसऱ्या दिवशी यजमान जेवून जरा आडवे झाले, आणि डोक्यावर कोणी तरी लोखंडी कपाट ओढत नेत असावं असा आवाज आला. तान होती. अनेक महिन्यांत वापरली गेली नसल्याने ती ठिकठिकाणी अडत होती, आणि अडेल तिथे पुन्हा पहिल्यापासून सुरू होत होती. दुपारच्या गाण्याविरुद्धची सेक्रेटरीबाईंची नोटीस अजून फळ्यावर होती. नियम म्हणजे नियम. यजमान सदरा घालून, दोन मजले चढून वर गेले आणि त्यांनी बेल वाजवली.

गाणंवाल्या बाईंनी दार उघडलं. कमरेवर हात, भांडणाची पूर्ण तयारी.

“नोटीस निघाली म्हणून गातेय,” त्या म्हणाल्या. “एरवी मला काही हौस नाही. त्रास होतोय का तुम्हाला?”

यजमान विचारात पडले. झोप मोडली होती, हे खरं होतं. झोप लागली नव्हती, हेही खरं होतं. त्यांनी दोन्ही बाजू तपासल्या, आणि निर्णय काही होईना. शंका होती.

“नाही,” ते म्हणाले.